वास्तू आणि खातेवही

फ्रान्समधील लुआर खोऱ्यात, शेर नदीच्या पात्रात, जुन्या पाणचक्कीच्या पायावर शनोन्सोचा प्रासाद उभा आहे. राजाचा वित्ताधिकारी तोमा बोइए कामानिमित्त दूर असे. बांधकाम पत्नी कॅथरिनने पाहिले. काम तडीस गेले तर आपले स्मरण राहील, अशा अर्थाचे त्याचे बोधवाक्य तेथे कोरलेले आहे. उभयतांच्या निधनानंतर मात्र हिशेबतपासणीत त्याच्याकडे राजाचे मोठे देणे निघाले आणि १५३५ मध्ये पुत्राला प्रासाद राजाच्या स्वाधीन करावा लागला. सहप्रवासी शिल्पकाम न्याहाळीत होते. बँकेत आयुष्य घालविलेल्या माझे मन त्या थकबाकीपाशीच घुटमळले. वाचकहो, मुलांच्या हाती वास्तूची किल्ली देण्यापूर्वी निखळ खातेवही द्यावी.