कादंबरीचे गोत्र विचारू नका

सारसोळे येथील आमच्या वाचकमंडळात एका पुस्तकावरून जो वाद पेटला, तो अद्याप शमलेला नाही. पुस्तक मराठी नाही, नवे नाही, आणि कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ते नेमले जाईल अशी चिन्हेही नाहीत. फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट ह्या दोघांनी मिळून लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमीडा' ही ती विज्ञानकादंबरी. मंडळातील साहित्याच्या अध्यापकांनी ती 'दूरदर्शन मालिकेची उतरवून काढलेली प्रत' म्हणून बाजूला सारली. विज्ञानशाखेतून आलेल्या तरुण वाचकांनी तिला 'काळाच्या पुढची' म्हणून डोक्यावर घेतले. आमच्या मते हे दोन्ही निवाडे ग्रंथ न वाचताही देता आले असते, आणि ह्या लेखाचे कारण तेवढेच आहे.

प्रथम वस्तुस्थिती. हॉईल (१९१५–२००१) हे केंब्रिजचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ आणि आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. १९५७ साली 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहून त्यांनी ललित लेखनातही नाव मिळवले होते. पुढे बीबीसीतील लेखक-निर्माते जॉन एलियट ह्यांच्यासह त्यांनी सात भागांची मालिका रचली. ती १९६१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपित झाली आणि तिच्यावरून सिद्ध केलेली कादंबरी १९६२ साली निघाली. म्हणजे आधी मालिका, मग कादंबरी. आमच्या अध्यापक मित्रांच्या लेखी खटल्याचा निकाल इथेच लागतो.

कथासूत्र थोडक्यात असे. नव्या रेडिओ दुर्बिणीला देवयानी तारकासमूहाच्या दिशेने संदेश मिळतो. त्या संदेशात एक प्रचंड संगणक बांधण्याच्या सूचना असतात. संगणक बांधला जातो. तो मग सजीव पेशी घडवण्याच्या सूचना देतो, आणि शेवटी एक स्त्री निर्माण होते. ती दिसायला असते त्याच यंत्रामुळे मृत्यू पावलेल्या साहाय्यिकेसारखी. सरकारला आणि लष्करला यंत्र हवे असते, एका बहुराष्ट्रीय कंपनीला त्यातून नफा हवा असतो. एकटा फ्लेमिंग नावाचा शास्त्रज्ञ विचारत राहतो, की ह्या सूचना पाठवणाऱ्याचा हेतू काय?

आता पहिल्या पक्षाकडे वळू. त्यांचा आक्षेप असा, की कादंबरी ही लेखकाच्या अंतःप्रेरणेतून स्वयंभूपणे उमलावी लागते. दुसऱ्या माध्यमासाठी रचलेले कथानक कागदावर उतरवणे हे कारागिराचे काम आहे. ऐकायला हे भारदस्त वाटते. पण हाच न्याय आपण इतरत्र लावतो काय? जयवंत दळवींनी 'अंधाराच्या पारंब्या' ह्या स्वतःच्या कादंबरीवरून 'बॅरिस्टर' हे नाटक लिहिले. 'बॅरिस्टर'ला दुय्यम ठरवण्याचे धाडस मराठी नाट्यसमीक्षेत कुणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. रणजित देसायांच्या 'स्वामी'वर दूरदर्शनने मालिका केली, तेव्हा मालिकेने कादंबरीला न्याय दिला की नाही ह्यावर घरोघर चर्चा झाली. कादंबरीकडून मालिकेकडे जाताना आपण न्यायाची भाषा बोलतो, आणि प्रवास उलट दिशेने झाला की जातीची. पहिल्या वेळी कृती तपासतो, दुसऱ्या वेळी जन्मदाखला मागतो. ह्याला समीक्षा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे, आम्ही त्याला सोवळे म्हणतो.

आणि हे सोवळे निदान मराठी माणसाने तरी पाळू नये. ज्या भाषेचा सर्वांत थोर ग्रंथ स्वतःला टीका म्हणवून घेतो, जिच्या आख्यानकवींनी पिढ्यान्‌पिढ्या महाभारत-भागवतातलीच कथानके घेतली, आणि जिच्या रंगभूमीवर देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तिच्या साहित्यविचारात 'आधीचे' म्हणजे श्रेष्ठ आणि 'त्यावरून केलेले' म्हणजे कनिष्ठ हे समीकरण आले कोठून? हॉईल-एलियटांची कादंबरी ज्ञानेश्वरीच्या पंक्तीला बसवावी असे सुचवण्याइतके आम्ही वेडे नाही. एवढेच म्हणणे आहे, की उगमावरून योग्यता ठरत असती तर आपल्या वाङ्मयाचा मोठा भाग आपल्याला गमवावा लागला असता.

ह्याचा अर्थ ह्या कादंबरीत दोष नाहीत असा मुळीच नाही. ते आहेत, आणि गंभीर आहेत. प्रसंग एकमेकांना जोडलेले वाटतात, एकमेकांतून उगवलेले वाटत नाहीत. संवाद पुष्कळदा केवळ माहिती पोचवतात. सर्वांत मोठा दोष त्या निर्मित स्त्रीच्या चित्रणात आहे. यंत्राची आज्ञा आणि स्वतःत जागी होणारी माणुसकी ह्यांच्या कात्रीत सापडलेली ही व्यक्तिरेखा कादंबरीचे हृदय व्हायला हवी होती. पण ती आपल्याला बहुतांशी बाहेरूनच दिसते. मालिकेत ती पोकळी भरून काढायला ज्युली ख्रिस्तीचा चेहरा होता. त्याच अभिनेत्रीने साहाय्यिका आणि तिची प्रतिकृती अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या, त्यामुळे प्रेक्षकाला मृत मुलगी पुन्हा समोर उभी राहिल्याचा धक्का शब्दाविना बसत असणार. कादंबरीत तो धक्का वाक्यांनी द्यावयाचा होता, आणि वाक्ये कमी पडली. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, कारण तो पानांवरून काढलेला आहे. 'मालिकेवरची म्हणून वाईट' आणि 'मालिकेतल्या चेहऱ्यावर विसंबून राहिली म्हणून इथे उणी' ह्या दोन विधानांत जे अंतर आहे, तेच पूर्वग्रह आणि समीक्षा ह्यांतले अंतर होय.

दुसरा पक्ष उत्साही, म्हणून अधिक प्रिय, पण तितकाच चुकलेला. त्यांचा युक्तिवाद असा, की परग्रहावरून संदेश येईल हे हॉईलने आधीच सांगितले, संगणक माणसावर हुकमत गाजवील हे आधीच सांगितले, इतकेच काय, त्या लोभी कंपनीचे नाव कादंबरीत 'इंटेल' आहे आणि खरी इंटेल स्थापन झाली १९६८ साली. हे सारे गमतीचे आहे. परंतु भाकीत खरे ठरणे हा साहित्याचा निकष झाला, तर पंचांगकर्त्यांना ज्ञानपीठ द्यावे लागेल. शिवाय भाकीतही तितकेसे एकाकी नव्हते. कोकोनी आणि मॉरिसन ह्यांचा आंतरतारकीय संदेशांविषयीचा निबंध 'नेचर'मध्ये १९५९ सालीच आला होता, आणि फ्रँक ड्रेक ह्यांनी १९६०च्या एप्रिलमध्ये तसे संदेश ऐकण्याचा प्रत्यक्ष प्रयत्नही करून पाहिला होता. कल्पना हवेत होती. हॉईलने तिचे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

आणि त्याने जे केले ते खरोखर मोठे आहे. आक्रमण करायला यानांची, सैन्याची, पदार्थाची गरजच नाही, नुसती माहिती पाठवली तरी पुरे, हे त्याने ओळखले. ऐकणाऱ्याचे कुतूहल आणि हाव हीच पाठवणाऱ्याची फौज. संदेश वाचणे म्हणजे त्याची आज्ञा पाळणे, ही ह्या कथेतली मेख आहे. ती विज्ञानाची जितकी, तितकीच नीतीची आणि म्हणून साहित्याची. तरुण मित्रांनी भाकितांची यादी करण्याऐवजी ह्या मेखेवर बोट ठेवले असते, तर अध्यापकांना उत्तर देणे जड गेले असते.

मराठीत हा वाद नवा नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव. परीक्षकांनी शास्त्रज्ञाच्या कीर्तीकडे न पाहता कथेकडे पाहावे, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि १९७५च्या कराडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी ह्या नव्या लेखनाची गौरवाने दखल घेतली. नाव झाकून वाचण्याची ही रीत आपल्याच घरात असताना आम्ही ती विसरलो. त्यानंतर नारळीकरांवर झालेली चर्चा पुन्हा त्याच दोन रुळांवरून धावली. एकीकडे 'पात्रे सपाट, भाषा निरस', दुसरीकडे 'विज्ञान सोपे करून सांगतात'. २०२१ साली ते नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५च्या मे महिन्यात गेले, आणि श्रद्धांजलीच्या लेखांतही बव्हंशी हेच दोन सूर होते. 'वामन परत न आला' (१९८६) ही त्यांची कादंबरी 'अँड्रोमीडा'शेजारी ठेवून पाहा. तिथे ज्ञानाचा ठेवा आकाशातून न येता भूगर्भात सापडतो. तिथेही त्या ज्ञानातून यंत्र उभे राहते, आणि तिथेही प्रश्न हाच, की दुसऱ्याने दिलेले वरदान स्वीकारण्यापूर्वी त्याचे मोल कोणी विचारावे? गुरूने दुसऱ्या नक्षत्रावर ठेवलेला धोका शिष्याने पायाखाली, एका पूर्वीच्या संस्कृतीत ठेवला. आणि बटूच्या रूपाने येऊन तीन पावलांत सर्वस्व घेणारा वामन मराठी वाचकाला नावातच सावध करतो. हा तौलनिक अभ्यासाचा सरळ विषय आहे. 'मालिकेवरची कादंबरी' म्हणून एक पुस्तक आणि 'विज्ञानप्रसार' म्हणून दुसरे बाजूला सारले, की तो विषय दिसतच नाही.

आमच्या मंडळात तिसरेही मत निघाले. ते गावठाणातल्या एका वाचकाचे. तो म्हणाला, मला ही गोष्ट परकी वाटली नाही. कुठून तरी दुरून आराखडा येतो, तो फायद्याचा आहे असे सांगतात, मोठमोठी माणसे तो बांधू लागतात, आणि हे कोणासाठी असे विचारणारा वेडा ठरतो. सारसोळे हे खाडीकाठचे कोळी-आगऱ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची मागणी पदरात पडण्याची वाट मोकळी झाली. ह्या इतिहासाच्या कुशीत वाढलेल्या वाचकाला फ्लेमिंगचा प्रश्न आपला वाटला, ह्यात नवल ते काय? हॉईलच्या मनात नेरूळ-सारसोळे नव्हते हे सांगायला समीक्षक लागत नाही. समीक्षक लागतो तो हे सांगायला, की मजकुरात असे काय आहे ज्यामुळे हे वाचन शक्य होते. ह्या मताला एका अध्यापकांनी 'साहित्यबाह्य' म्हटले. ज्यांनी स्वतः पुस्तकाचा निकाल त्याच्या जन्मकथेवरून लावला, त्यांनी हा शब्द वापरावा ह्याची आम्हांला मौज वाटली.

शेवटचा मुद्दा 'मूळ' ह्या शब्दाचा. त्या मालिकेच्या सात भागांपैकी आज सहावा भाग तेवढा संपूर्ण उपलब्ध आहे. बाकीच्यांचे काही तुकडे आणि स्थिरचित्रे. बीबीसीने त्या काळी फिती जपल्या नाहीत. २००६ साली त्यांनी ती कथा नव्याने चित्रित केली, पण ती नवी कृती झाली. म्हणजे ज्या मूळ कृतीची ही 'प्रत' म्हणून हेटाळणी होते, ती जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि १९६१ची ती कथा सलग वाचावयाची तर सामान्य वाचकाला ही कादंबरीच हाती घ्यावी लागते. 'डॉक्टर हू' ह्या मालिकेच्या हरवलेल्या भागांबाबतही अनेक वाचकांचा अनुभव हाच आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे सांगावे लागू नये. मूळ हस्तलिखित गेल्यावर उरलेल्या प्रतीला आपण प्रत म्हणून हिणवत नाही, तिच्यावर प्रबंध लिहितो.

तेव्हा अध्यापकांना विनंती एवढीच. पुढच्या वर्षी एखाद्या तासाला ह्या कादंबरीतले चार-पाच उतारे लेखकाचे, मालिकेचे, प्रकाराचे नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे ठेवा, आणि सोबत 'वामन'मधलेही. त्यांना आवडले नाहीत तर का ते लिहून घ्या, आवडले तर का तेही. विद्यार्थी म्हणतील ते कदाचित तुमच्याच बाजूचे असेल. तसे झाले तर आम्ही तो निकाल आनंदाने मान्य करू, कारण तो वाचून दिलेला असेल.