शिक्का कोणाचा, हमी कशाची?

जून २०२४ मध्ये त्र्यंबकेश्वरला प्रसादाच्या दुकानांना ‘ॐ शुद्धता प्रमाणपत्र’ द्यायला सुरुवात झाली. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आणलं. दोन्हींच्या मागे वाद होता तो हलाल प्रमाणपत्राचा. त्यावर सभा झाल्या, वाहिन्यांवर भांडणं झाली. पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकन आणायला निघालेल्या नाशिककराला यातून काय कळलं? पाकिटावरचा हलालचा शिक्का नेमकी कशाची हमी देतो, एवढंसुद्धा कोणी धड सांगितलं नाही.

चौक मंडईत किंवा वडाळा नाक्याला समोर उभं राहून कापून घेणाऱ्याला शिक्का लागत नाही. दुकानदार ओळखीचा, त्याचा बापही ओळखीचा. आपल्या गावगाड्यात तर हे काम मुलाण्याचंच होतं. हिंदूंच्या घरचं बकरंही मुलाणी कापायचा, त्याचा मान त्याला मिळायचा, आणि कोणी कागद मागत नसे. आता कोंबडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यात कापली जाते, गोठवली जाते आणि चार दिवसांनी गंगापूर रोडच्या मॉलमधल्या फ्रीजरमध्ये येते. कापणारा दिसत नाही, म्हणून कागद आला. त्याची गरज खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

हलालच्या मूळ अटींवर बहुतेक प्रमाणन संस्थांचं एकमत आहे. जनावर कापताना जिवंत आणि निरोगी हवं, कापणारा मुसलमान हवा, त्याने अल्लाहचं नाव घ्यायला हवं, सुरी धारदार हवी, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापल्या जाव्यात, रक्त वाहून जाऊ द्यावं. जीव पूर्ण जाण्याआधी गरम पाण्यात टाकणं किंवा पिसं काढणं चालत नाही. ही शेवटची अट दुकानातही पाहून घेता येते. कापलेली कोंबडी निळ्या ड्रममध्ये टाकतात, तिथे ती फडफडायची थांबेपर्यंत कापणारा थांबतो का, बघा. गर्दीच्या वेळी, दहा जण ‘माझं आधी’ म्हणत असताना, घाई होते ती नेमकी इथेच.

मतभेद सुरू होतात कारखान्यात. तिथे कोंबड्या पायांनी उलट्या टांगून एका साखळीवरून पुढे सरकतात. काही ठिकाणी त्यांची डोकी वीज सोडलेल्या पाण्यातून नेतात, म्हणजे सुरीखाली येताना त्या बेशुद्ध असतात. प्रवाह बेताचा असेल तर न कापलेली कोंबडी पुन्हा शुद्धीवर येते. जास्त असेल तर ती सुरीआधीच मरते, आणि तशी मेलेली कोंबडी हलाल नाही, यावर दुमत नाही. पण बेशुद्ध करणंच चालावं का? ब्रिटनमधली हलाल फूड ऑथॉरिटी अटी घालून परवानगी देते, तिथलीच हलाल मॉनिटरिंग कमिटी अजिबात देत नाही. शिकायला गेलेल्या पोरांना तिथे दोन्ही पाट्या दिसतात आणि त्यांना निवड करता येते. दुसरा प्रश्न यंत्राच्या फिरत्या पात्याचा. माणूस प्रत्येक कोंबडीवर नाव घेतो. यंत्र सुरू करताना एकदाच घेतलं तर चालेल का? काही जण चालवून घेतात, काहींना ते मान्य नाही.

म्हणजे ‘हलाल’ लिहिलेली दोन पाकिटं शेजारी शेजारी असूनही वेगळी असू शकतात. जी आजी हाताने कापलेलंच खाते, तिला कोणतं घ्यावं हे पाकीट सांगत नाही. मला इथे ग्राहकाची सरळ फसगत दिसते.

शिक्के देणाऱ्या संस्था अनेक आहेत. दिल्लीचा जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट आहे, चेन्नईची हलाल इंडिया आहे, आणखीही आहेत. नियमावली प्रत्येकाची, फीही प्रत्येकाची. पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी परवाना क्रमांक असतो, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण असतो. त्यांचा हलालशी संबंध नाही, आणि हलालच्या शिक्क्याचा स्वच्छतेच्या परवान्याशी नाही. एकाला दुसऱ्याची जागा देऊ नका. हलाल आहे म्हणून मांस ताजं असेलच असं नाही, आणि परवाना आहे म्हणून ते हलाल ठरत नाही.

आता खरी खटकणारी गोष्ट. परदेशी जाणाऱ्या मांसासाठी आपल्या सरकारने पक्की व्यवस्था उभी केली आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आदेशानुसार १६ ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांना ‘हलाल’ म्हणून मांस पाठवायचं, तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘आय-कॅस हलाल’ योजनेखालचं प्रमाणपत्र लागतं. ते देणाऱ्या संस्थेलाही आधी एनएबीसीबी या प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यावी लागते. शिक्का देणाऱ्यावरही कोणाचा तरी डोळा आहे. कुवेतच्या ग्राहकासाठी हे होतं, तर जुन्या नाशकातल्या ग्राहकासाठी का नाही? देशात विकल्या जाणाऱ्या पाकिटाला ही सक्ती नाही.

उत्तर प्रदेशने १८ नोव्हेंबर २०२३ ला हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली आणि निर्यातीचा माल तेवढा वगळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या वतीने तिथे सिमेंट आणि लोखंडी सळ्यांच्या हलाल प्रमाणपत्रांचा मुद्दा मांडला गेला. सिमेंटला असं प्रमाणपत्र लागत असेल, तर मलाही ते पटणार नाही. पण त्या नावाखाली मांसाच्या पाकिटावरची माहितीच पुसून टाकणं हा ग्राहकावर अन्याय आहे. हलाल हवं असणाऱ्यावर तर आहेच, नको असणाऱ्यावरही आहे. शिखांच्या ‘रहत मर्यादा’ या आचारसंहितेत हलाल पद्धतीचं मांस निषिद्ध आहे. देवळाली कॅम्पातल्या शीख गृहस्थालाही पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं हवंच असेल. झटका मागणाऱ्याचा हक्क मी तितकाच मानतो. ‘मल्हार’ला माझा प्रश्न म्हणूनच तोच आहे: तपासतं कोण, किती वेळा, आणि चुकलं तर प्रमाणपत्र काढून घेतं कोण? दुकानाचा मालक कोणत्या धर्माचा, यावरून मांस कसं कापलं आणि किती ताजं आहे हे कळत नाही.

मागणी अवघड नाही. हलालचा दावा करणाऱ्या प्रत्येक पाकिटावर संस्थेचं नाव, प्रमाणपत्राची मुदत, हाताने कापलं की यंत्राने, आणि आधी बेशुद्ध केलं होतं की नाही, एवढं मराठीत छापलेलं असावं. निर्यातीची योजना कागदावर तयारच आहे. ज्या कंपनीला देशात हलाल म्हणून विकायचं आहे तिलाही ती लागू करा.

तोवर दुकानात विचारायला लाजू नका. ‘भाई, हे मशीनचं आहे का हातचं?’ हा अपमान करणारा प्रश्न नाही. चांगला दुकानदार कारखान्याचं नावही सांगतो. पाकिटावरचं प्रमाणपत्र खरं वाटत नसेल, तर संस्थेला कळवून त्या कारखान्याचं नाव तिच्या यादीत आहे का, विचारा. परवान्याचा क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तपासता येतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. लेबलवर खोटं लिहिणं हा अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंडाचा मामला आहे, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. फक्त रिकामं पाकीट कचऱ्यात टाकू नका. बॅच नंबर त्यावरच असतो.