शहाण्णव जागा, पण कोणासाठी?

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार बसतात. २०२४ च्या निवडणुकीत त्यांपैकी २१ महिला निवडून आल्या. २०१९ मध्ये २४ आल्या होत्या, २०१४ मध्ये २०. लोकसभेतील राज्याच्या ४८ खासदारांत २०१९ साली आठ महिला होत्या, २०२४ मध्ये सात उरल्या. देशाच्या पातळीवरही लोकसभेतील महिलांची संख्या ७८ वरून ७४ वर आली. घट लहान आहे, म्हणून तिच्याविषयी कोणी बोलले नाही. पण ती कधी झाली, हे पाहिले की गप्प बसता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेत ४५४ मते बाजूने, दोन विरोधात. राज्यसभेत विरोधी मत एकही नाही. त्यानंतर लोकसभेची आणि राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. आरक्षणाला एकमुखी पाठिंबा देणाऱ्या याच पक्षांनी उमेदवार निवडले आणि महिलांची संख्या वाढण्याऐवजी कमी झाली. संसदेत दिलेले मत तिकीटवाटपाच्या बैठकीपर्यंत पोहोचलेच नाही.

त्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. त्यांत महिला ३६३, म्हणजे शंभरामागे नऊही नाहीत. आणि महिलांच्या मतांसाठी इतकी चढाओढ राज्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. सत्ताधाऱ्यांनी ‘माझी लाडकी बहीण’ योजनेतून दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये टाकले. विरोधकांनी तीन हजारांचे आश्वासन दिले. महिलांनी ६५ टक्क्यांहून अधिक मतदान करून आपले कर्तव्य चोख बजावले. मदतीची रक्कम गरजू बाईच्या हाती पडते, त्या मदतीला कोणी नाक मुरडू नये. पण दीड हजार की तीन हजार हे ठरवणाऱ्या बैठकीत महिला किती होत्या, हा प्रश्न विचारावाच लागेल. याच राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, १८ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि त्यांत एकही महिला नव्हती. पहिली महिला मंत्री येण्यासाठी जुलै २०२३ उजाडावा लागला. जवळपास वर्षभर महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ केवळ पुरुषांचे होते आणि कोणत्याही पक्षाने त्यासाठी रान उठवले नाही. शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला अजून एकदाही महिला मुख्यमंत्री लाभलेली नाही.

आता खरा धोका. १०६ व्या घटनादुरुस्तीला जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेची अट जोडून ती मंजूर झाली. आरक्षण प्रत्यक्षात कधी येईल, यावर वाद चालू राहतील. पण ते येईल तेव्हा आजच्या जागासंख्येप्रमाणे महाराष्ट्राला विधानसभेत किमान ९६ आणि लोकसभेत १६ महिला पाठवाव्या लागतील. या ९६ जणी कोण असतील? पक्षांनी आजपासून त्यांना घडवले नाही, तर ऐन वेळी जागा राखीव झालेला प्रत्येक आमदार आपल्या पत्नीचा, सुनेचा, मुलीचा अर्ज भरेल. सभागृहात महिला दिसतील, कारभार मात्र जुन्याच हातांत राहील. गावपातळीवर हे आपण तीन दशके पाहत आलो आहोत. तेच विधानसभेत घडू द्यायचे का, हे आत्ता ठरवायचे आहे.

गावपातळीचा अनुभव दुहेरी आहे आणि तो पूर्ण सांगायला हवा. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला ग्रामीण महिला प्रचंड संख्येने आल्या. पुढे १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरने संपूर्ण ग्रामपंचायत महिलांच्या हाती सोपवली. तेव्हा आरक्षणाची सक्ती नव्हती. १९९३ मध्ये ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. हजारो महिलांनी पाणीपुरवठा, शाळा, रेशन, दारूबंदीचे ठराव यांतून कारभार शिकून घेतला. धुळ्याच्या खासदार शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या. रक्षा खडसे कोथळीच्या सरपंचपदावरून आणि जिल्हा परिषदेतून लोकसभेत गेल्या. वर जाण्याची वाट आहे, हे त्यांनी दाखवले.

पण त्या वाटेवर अडथळेही आपणच रचून ठेवले आहेत. आरक्षणाची सोडत दर निवडणुकीला बदलते. बाई पाच वर्षांत काम शिकते, ओळखी होतात, अधिकारी ऐकू लागतात आणि नेमका तेव्हा वॉर्ड खुला होतो. खुल्या जागेवर तिला तिकीट देण्याचा विचारही होत नाही. ‘बाईंची पाच वर्षे झाली, आता साहेबांना’ असे सरळ सांगितले जाते. जिची जागा कायम आहे, तिच्या खुर्चीशेजारी ‘सरपंचपती’ बसतो, ग्रामसेवक फाइल त्याच्यापुढे ठेवतो आणि सही तेवढी तिची घेतो. जी स्वतः कारभार करू पाहते, तिच्यामागे अपात्रतेची प्रकरणे लागतात. जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाचे पद असेच काढून घेतले गेले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत मिळवून दिले आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना सहन झाले नाही, असे निरीक्षण नोंदवले. त्यात भर म्हणून २०२२ पासून राज्यातील बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. या तीन वर्षांहून अधिक काळात एकट्या मुंबई महापालिकेत महिलांसाठी असलेल्या शंभराहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. नेतृत्व जिथे घडते ती शाळाच बंद होती, आणि त्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

राज्य आणि देशाच्या राजकारणात आज महिलेसाठी जे दार उघडते, ते बहुतेक वेळा घरातूनच उघडते. महाराष्ट्राच्या लोकसभेतील सात महिला खासदारांपैकी बहुतेकींचे वडील, पती किंवा सासरे राजकारणात होते. गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत २०२२ मध्ये तीन महिला निवडून आल्या. तिघींचेही पती त्याच निवडणुकीत आमदार झाले. या महिलांच्या कर्तृत्वावर शंका घेण्याचे कारण नाही. घराण्यातून आलेले पुरुषही काही थोडे नाहीत. फरक असा की घराणे नसलेल्या पुरुषाला पक्षात चढायला दहा वाटा आहेत. घराणे नसलेल्या बाईला एकही नाही. तिला महिला आघाडीत बसवले जाते. मोर्चाला बायका आणायच्या, सभेच्या सतरंज्या घालायच्या, हळदीकुंकवाचे कार्यक्रम करायचे, आणि उमेदवारीचा विषय निघाला की ‘ताई, या वेळी समजून घ्या’ हे ऐकायचे.

यावर पक्षांचे उत्तर ठरलेले आहे: निवडून येण्याची क्षमता. हे उत्तर आकड्यांसमोर टिकत नाही. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे ८०० महिला उभ्या होत्या, ७४ जिंकल्या. साडेसात हजारांहून अधिक पुरुष उभे होते, ४६९ जिंकले. पुरुषांत अपक्षांची गर्दी मोठी असते, हे मान्य केले तरी ‘बाई म्हणजे पडणारी जागा’ हा समज त्यातून खोटा ठरतो. पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसच्या २९ विजयी खासदारांपैकी ११ महिला होत्या. छत्तीसगडच्या ९० जणांच्या विधानसभेत २०२३ मध्ये १९ महिला निवडून आल्या. तिथे कोणतेही आरक्षण नव्हते. उलट उदाहरण उत्तर प्रदेशचे. २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के तिकिटे महिलांना दिली आणि त्यांतली एकच जिंकली, कारण पक्षाची ताकदच तिथे उरली नव्हती. तेव्हा तिकिटांची संख्या मोजून भागणार नाही. जिंकण्याजोग्या किती जागा महिलांना दिल्या, हे मोजावे लागेल.

शिवाय जिथे मतदारांपुढे जावेच लागत नाही, तिथे पक्षांना कोण अडवते? विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० आमदारांच्या मतांनी भरल्या जातात आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. या सगळ्या पक्षनेत्यांच्या मुठीत आहेत. नव्या घटनादुरुस्तीने या दोन्ही सभागृहांना हातही लावलेला नाही. इथे महिला मोजक्याच दिसतात, त्याला जनगणना कारण नाही आणि मतदारसंघ पुनर्रचनाही नाही. कारण फक्त नेत्यांची इच्छा हे आहे.

सभागृहात बाई असल्याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांनी राज्याचाच इतिहास पाहावा. मृणाल गोरे पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध रस्त्यावर लढल्या आणि तो लढा त्यांनी सभागृहात नेला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यामागे स्त्री संघटनांचा रेटा आणि त्यांचा पाठपुरावा होता. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये तपासला, तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक महिला समोर आल्या. कोयता घेऊन फडात उभ्या राहणाऱ्या या बाईचे दुखणे किती वर्षे कोणाच्या कानावर गेले नव्हते! उद्याच्या ९६ जागांत ती, आदिवासी पाड्यातली, मोहल्ल्यातली, इतर मागासवर्गातली बाई नसेल, तर आरक्षण वरच्या थरातच जिरून जाईल. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश महिला असतील, हे कायदा सांगतो. इतर मागासवर्गीय महिलांबाबत मात्र तो गप्प आहे. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी पक्षांवर येते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक पक्षाने पुढच्या विधानसभेला, कायद्याची वाट न पाहता, जिंकण्याजोग्या जागांपैकी एक तृतीयांश महिलांना द्याव्यात. विधान परिषदेची आणि राज्यसभेची रिकामी होणारी प्रत्येक तिसरी जागा महिलेला मिळावी. जिल्हाध्यक्ष आणि उमेदवार निवडणाऱ्या समित्या, ही खरी सत्तास्थाने आहेत. तिथे महिला बसल्याशिवाय यादी बदलणार नाही. स्थानिक संस्थांतील आरक्षण एका जागेवर किमान दोन मुदती टिकावे, असा बदल राज्य सरकारने करावा. सरपंचपतीला ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसू देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. आणि मतदारांनी, विशेषतः राज्यातल्या साडेचार कोटींहून अधिक महिला मतदारांनी, दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे: तुमच्या पक्षाने आपल्या जिल्ह्यात किती महिलांना तिकीट दिले, आणि त्यांतल्या किती जणी स्वतःच्या कामावर पुढे आल्या? उत्तर समाधानकारक नसेल, तर त्याचा विचार मत देताना करावा. पक्षांना जाग येते ती मतपेटीमुळेच.