खोगीर घरी शिवावं, पण किती?

मुलीला घोडेस्वारी शिकवायची म्हटलं की इथे इंग्लंडमध्ये खर्चाला अंत नसतो. म्हणून बरंचसं तुटकंफुटकं सामान मी घरीच शिवतो. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. शेजारचं वॉल्सॉल हे खोगीर बनवणाऱ्यांचं जुनं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावसुद्धा 'सॅडलर्स'!

आपली मंडळी विचारतात, "इंजिनियर होऊन चामडं शिवतोस?" अहो, कोडिंगपेक्षा अवघड आहे ते. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनची शिवण मात्र उसवत जाते.

मोरकी, खोगिराखालचं कापड हे खुशाल घरी करा. पण तंगाचे, रिकिबीचे पट्टे आणि लगाम यांवर पोरीचा जीव असतो. ते कारागिराकडेच द्यावेत, तिथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. चामडं वाकवून बघा. भेगा दिसल्या तर शिवून उपयोग नाही, पट्टाच बदला. घोड्यावरून पडल्यावर हेल्मेट दिसायला धड असलं, तरी नवीन घ्या.

खोगिरातली लोकरही जाणकारानेच भरावी. गुठळ्या राहिल्या तर घोड्याची पाठ दुखते. 'खोगीरभरती' म्हणजे फालतू भरणा असं आपण म्हणतो, पण घोड्याला विचारा!

आरी मी पुण्याच्या बोहरी आळीतून आणली. आणायची असेल तर चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत अडवतात.