रांगेतल्या शेतकऱ्याचे मोल किती?

हळदीचा हंगाम ऐन भरात आला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर वाहनांच्या रांगा लागतात. आवक आवाक्याबाहेर गेली की बीट पुढे ढकलले जाते आणि हळद उकडून, वाळवून, पॉलिश करून आणणारा शेतकरी भर उन्हात वाहनाच्या सावलीला मुक्काम ठोकतो. भाड्याचा आकडा मात्र वाढतच राहतो.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस असलेल्या 17 सप्टेंबरलाच, 2022 साली, राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण जाहीर झाले. मालवाहतुकीचा खर्च घटवणे आणि सर्व यंत्रणा संगणकाने जोडणे हा त्याचा गाभा. हेतू स्वागतार्हच आहे. परंतु रांगेत गेलेल्या शेतकऱ्याच्या दिवसांची नोंद कोणत्या खात्यात होते? 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नामने सौदा पडद्यावर आणला. पण पडद्यापर्यंत माल पोहोचवण्याचे काय? निजामाबादचा आणि सांगलीचा भाव आज भ्रमणध्वनीवर क्षणात समजतो. स्वतःचे वाहन काट्यावर कधी चढेल, हे मात्र उमजत नाही. याला प्रगती म्हणावे काय?

यंत्राची आराधना करणारे म्हणतील, आणखी एक अॅप काढू. तेवढ्याने भागणार नाही. ज्याच्या हाती साधा फोन आहे, त्यालाही एका कॉलवर किंवा गावच्या सोसायटीत मराठीतून आवकेची तारीख-वेळ मिळाली पाहिजे. एका गावाचा माल एकाच वाहनात आला, तर भाडे वाटले जाईल आणि डिझेलही वाचेल. शाश्वत विकास म्हणतात तो याहून वेगळा नव्हे. वीज न जाळता हळद साठवणारी सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची पेवे याच विचाराची साक्ष देतात.

दुसरा पक्ष म्हणतो, शेतकऱ्याला हे झेपणार नाही. मुंबईचे डबेवाले 1890 च्या सुमारापासून डब्यावरच्या साध्या खुणांच्या आधारे डबे अचूक पोहोचवत आले. त्यांच्या शिक्षणाचा अडसर कधी आला नाही, कारण ती पद्धतच माणसाला झेपेल अशी आखलेली होती. हमालांचा प्रश्नही असाच आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांच्या घामाला प्रतिष्ठा दिली. संगणकाने त्यांच्या कामाचे नियोजन करावे, मजुरीला कात्री लावू नये.

वाळलेली हळद टिकते, हे तर शेतकऱ्याचे बळ आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. हळदीच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावतीही 2017 पासून मिळते. या सोयी घरोघरी समजल्या, तर सारा माल एकाच पंधरवड्यात यार्डावर का लोटेल? रांग तिथेच निम्मी होईल.

म्हणून बाजार समित्यांकडे आमची मागणी एकच आहे. दारावर जसा भाव लिहिता, तसाच वाहन आत येण्यापासून पैसे हाती पडेपर्यंत लागलेला सरासरी वेळही लिहा. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. ती हळद पिकवणाऱ्याच्या वेळेलाही मानांकन हवे. संगणक जाणणाऱ्या आपल्या घरच्या तरुणांनी येत्या हंगामात दोन आठवडे गावच्या सोसायटीत बसून शेतकऱ्यांना ही वाट दाखवावी. शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.