पूर्वज दाखवता, तर कागदही दाखवा

२०१८ मध्ये ऑलिव्हिया कोलमन ही ब्रिटिश अभिनेत्री बीबीसीच्या ‘हू डू यू थिंक यू आर?’ या कार्यक्रमात आपले पूर्वज शोधायला निघाली आणि शोध जाऊन पोचला थेट बिहारमधल्या किशनगंजला. तिच्या खापरपणजीच्याही आदल्या पिढीतली हॅरियट स्लेसर तिथे जन्मली होती. तीन वर्षांची असताना वडील वारले. आजीनं पैसे भरले आणि ही पोर एकटीच इंग्लंडला आली. तिची आई कोण, याचा मात्र पत्ता लागेना. ती भारतीय असावी, अशी शक्यता कार्यक्रमानं मांडली आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी हौसेनं छापली.

भाग दाखवून झाल्यावर बर्कशर रेकॉर्ड ऑफिस या दप्तरखान्यानं एक मृत्युपत्र प्रसिद्ध केलं. ते हॅरियटच्या आईचंच होतं. नाव सेराफिना डॉनक्लेअर, मृत्यू १८१०चा, आणि बाई युरोपीय वंशाची.

सेलिब्रिटींच्या वंशावळींचे कार्यक्रम पाहून लोक रडतात, हसतात, नाकं मुरडतात. पण या दप्तरखान्यानं दिलेली प्रतिक्रिया त्या सगळ्यांहून मोलाची आहे. त्यानं मालिकेला खोटं ठरवलं म्हणून नव्हे. मालिकेनं जिथे ‘असावी’ म्हणून सोडून दिलं होतं, तिथे त्यानं कागद आणून ठेवला म्हणून.

एरवीची तक्रार ठरलेली असते: यात रडारड फार. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत जेरेमी पॅक्समन २००६ साली आले, तेव्हा प्रेक्षक चकितच झाले. मायकल हॉवर्ड या राजकारण्याला एकच प्रश्न डझनभर वेळा विचारून घाम फोडणारा हा मुलाखतकार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते ग्लासगोतल्या पणजीची कहाणी ऐकून. गरिबांना मिळणारी तुटपुंजी मदत तिला मिळत होती; लग्नाबाहेर मूल झालं म्हणून ती बंद करण्यात आली. या अश्रूंना नाटकी म्हणणं अन्यायाचं होईल. पणजीचा अपमान करणारी नोंद सरकारी दप्तरात शाबूत होती आणि पणतू ती पहिल्यांदा ऐकत होता. माणसानं अशा वेळी रडावं नाही तर काय करावं?

खरी फसगत अश्रूंत नाही, निवडीत आहे. मायकल पार्किन्सन हे ब्रिटिश टीव्हीवरचं केवढं मोठं नाव! त्यांच्या घराण्याचाही शोध घेतला गेला आणि त्यात काही रंजक सापडेना म्हणून बेत गुंडाळला गेला, हे त्यांनीच २००९ मध्ये हसत हसत सांगितलं. यॉर्कशरमधल्या खाणकामगाराचा हा मुलगा. म्हणजे पडद्यावर दिसतात ती गाळून उरलेली घराणी. ती पाहून सामान्य प्रेक्षकाला वाटतं, आपल्याच घरात काही घडलं नाही.

मग राजे निघतात. २०१६ मध्ये ‘ईस्टएंडर्स’ या टीव्ही मालिकेतला नट डॅनी डायर, म्हणजे लंडनच्या कामगार वस्तीतला रांगडा गडी, चौदाव्या शतकातल्या तिसऱ्या एडवर्डचा वंशज निघाला. लोकांना ही गंमत इतकी आवडली की २०१९ मध्ये त्याला राजघराण्यावरची स्वतंत्र मालिकाच मिळाली. पण हिशेब साधा आहे. वीस पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात दहा लाखांवर जागा होतात. ब्रिटिश वंशाचा जवळपास प्रत्येक माणूस तिसऱ्या एडवर्डचा वंशज असणार, असं जनुकशास्त्रज्ञ अॅडम रदरफर्ड सांगतात. डायरचं वेगळेपण एवढंच, की त्याच्याकडे मधल्या सगळ्या पिढ्यांचे कागद निघाले.

कागद नसले की घरातल्या कथा वाढत जातात, हे मराठी वाचकाला काय सांगायचं! ज्याचा पूर्वज पानिपतावर नव्हता असं घर आपल्याकडे शोधावं लागेल. खरं तर साधनांचा तोटा नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यांची नावं सांगत फिरणारे हेळवी आहेत, छापील कुलवृत्तांत तर कपाटं भरतील इतके. (बहुतेक कुलवृत्तांतांत सासरी गेलेल्या लेकीची फांदी तिथेच खुंटते, ही गोष्ट वेगळी.) पण वही उघडून कथा ताडून पाहणारे किती? जे. के. रोलिंगनं २०११ मध्ये बीबीसीच्या याच मालिकेत ते केलं. फ्रेंच पणजोबांना ‘लेजियाँ दॉनर’ हा मोठा सन्मान मिळाल्याचं घरात सांगत. दप्तर म्हणालं, तो त्याच नावाचा दुसराच माणूस. तिच्या पणजोबांना मिळालं होतं ते युद्धातल्या शौर्याचं पदक, ‘क्रवा द गेर’. घरातली कथा पडद्यावर पडली आणि पणजोबा मात्र खरेखुरे उभे राहिले.

याच्या अगदी उलट हॉलिवूडचा नट बेन अॅफ्लेक. अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीवर प्रा. हेन्री लुई गेट्स ‘फाइंडिंग युवर रूट्स’ सादर करतात. २०१४ मधल्या अॅफ्लेकच्या भागात त्याचा गुलाम बाळगणारा एक पूर्वज वगळला गेला. सोनी कंपनीचे चोरीला गेलेले ईमेल विकिलीक्सनं एप्रिल २०१५ मध्ये लोकांसमोर आणले, तेव्हा हे फुटलं. अॅफ्लेकनंच तशी गळ घातली होती आणि गेट्स यांनी सोनीच्या प्रमुखांचा सल्ला मागितला होता. प्रेक्षक चिडले ते पूर्वजावर नाही, लपवाछपवीवर. पीबीएसनं चौकशी करून निर्मात्यांवर ठपका ठेवला, पुढचा हंगाम रोखून धरला आणि आणखी एक तथ्यतपासनीस व एक स्वतंत्र वंशावळतज्ज्ञ नेमायला लावला.

हे बरंच झालं. पण तपासनीसही निर्मात्यांच्याच पगारावर. प्रेक्षकाच्या हातात काय? अशा कार्यक्रमांच्या शेवटी श्रेयनामावली सरकते, त्यात रंगभूषाकारापासून वाहनचालकापर्यंत सगळ्यांची नावं असतात. त्यातच कुठली नोंद कुठल्या दप्तरखान्यातून घेतली, तिचा क्रमांक काय आणि कुठली गोष्ट नुसता तर्क आहे, एवढं द्यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागणार नाही. बीबीसीनं हे कोलमनच्या भागापासून सुरू केलं असतं, तर सेराफिनाबाईंचं नाव आपल्याकडच्या बातमीदारांनाही कदाचित वेळेत कळलं असतं.