शेवट नसलेला खलनायक

संध्याकाळी सात ते दहा या वेळात साताऱ्यातल्या कुठल्याही पेठेतून चालत जा. एका घरातून ऐकू आलेल्या संवादाचा पुढचा भाग शेजारच्या घरातून ऐकू येतो. सगळीकडे एकच मालिका! आणि त्या संवादांवर घरातल्या मंडळींचे शेरेही कानावर पडतात. "आली बघ मेली परत!" ही 'मेली' म्हणजे अर्थातच मालिकेतली खलनायिका.

मला नेहमी प्रश्न पडतो, की इतका राग येतो तर लोक बघतात कशाला? आणि ज्यांनी खरोखर बघणं सोडलं, त्यांनी नेमकं कशामुळे सोडलं? "ते अमुक पात्र डोक्यात जातं म्हणून आम्ही ती मालिका बंद केली" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा राग खराच असतो, पण तो वाईट पात्राचा नसतो असं माझं मत आहे. तो असतो त्या पात्राचा हिशोब कधीच होत नाही याचा. जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर सांगलीचं आणि नोकरी सगळी साताऱ्याला झाली. माझी धाकटी बहीण अजून सांगलीतच असते. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ चालली, त्यातली निम्मी वर्षं रोज रात्री तिचा फोन यायचा. "अगं ताई, ती शनाया नुसती दिसली तरी माझं डोकं उठतं!" मध्ये २०१८ साली शनायाचं काम करणारी मुलगीच बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली. मला वाटलं, आता बहिणीचा राग जरा निवळेल. कसलं काय! दुसऱ्या आठवड्यात तोच राग नव्या चेहऱ्यावर. पुढे २०२० मध्ये रसिका परत आली, तर राग तिच्याकडे परत गेला. म्हणजे राग त्या खुर्चीचा होता, तिच्यावर बसलेल्या मुलीचा नव्हता.

एक दिवस मात्र बहिणीनं मालिका बघणं बंद केलं. मी विचारलं, "शनायाला कंटाळलीस का?" तर म्हणाली, "छे, तिला शिव्या देण्यात माझा वेळ बरा जायचा. पण तो गुरुनाथ दर वेळी पकडला जातो, दर वेळी सुटतो आणि पुन्हा तेच करतो. मग मी रोज बसून काय बघू?" माझ्या मते या विषयाचं सगळं सार यात आलं.

आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. त्या काळच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे, म्हणून त्या नाटकांना गमतीनं 'अललडुर्र' नाटकं म्हणत. लहान मुलं घाबरत, बायका पदराआड होत. पण राक्षस येतो म्हणून कुणी घरी गेल्याचं ऐकिवात नाही. उलट तो यायची वाट बघत लोक बसायचे! राक्षस कितीही मोठ्यानं ओरडला तरी पहाटेपर्यंत त्याचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचं 'शारदा' १८९९ मध्ये आलं. त्यातला भुजंगनाथ आठवा. उतारवयात नातीच्या वयाच्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा. त्याच्या जोडीला पैशासाठी मुलगी विकणारा बाप कांचनभट आणि ते लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. तीन तीन नावडती पात्रं एका नाटकात! प्रेक्षक त्यांच्यावर हसले, चिडले आणि तरी पुन्हा पुन्हा आले. चिडता चिडता त्यांना आपल्याच गल्लीतले भुजंगनाथ दिसायला लागले. पुढे १९२९ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडांच्या नावाचा. पण आमच्या आजीच्या पिढीत त्याला सर्रास 'शारदा कायदा' म्हणत. नावाचा गोंधळ खरा, पण त्या गोंधळात देवलांना मिळालेली पावतीही आहेच.

तिसरं उदाहरणही सांगलीचंच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं १९०७ चं 'कीचकवध'. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. भीम कीचकाचा वध करायचा तेव्हा त्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करा. सरकारलाही ते कळलं, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. खलनायकाचा तिरस्कार किती कामाचा असू शकतो, हे इंग्रजांनी बरोबर ओळखलं होतं.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला प्रतापगडाचा प्रसंग ठरलेला असायचा. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत तो नसेल तरच नवल! बाहेरच्या माणसाला वाटेल की महाराजांच्या कामासाठी मुलं भांडत असतील. आमच्याकडे भांडणं अफझलखानाच्या कामासाठी व्हायची. मी एकदा एका मुलाला कारण विचारलं. तो म्हणाला, "बाई, खान पडतो तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या पडतात." सातवीतल्या पोराला जे कळलं होतं, ते वाहिन्यांच्या मोठमोठ्या मंडळींना कळू नये?

टीव्हीवरही सुरुवातीला असं नव्हतं. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर 'महाभारत' लागायचं. गूफी पेंटलांचा लंगडत चालणारा, फासे चोळणारा शकुनी कुणाला आवडला असेल? पण शकुनीमुळे कुणी 'महाभारत' सोडलं नाही, कारण ९४ भागांत सगळं संपणार होतं. त्याआधीच्या 'रामायणा'त आपल्या ललिता पवार मंथरा झाल्या होत्या. एवढा राग येईल असं काम करूनही लोक दर रविवारी हजर! महाभारतात तर श्रीकृष्ण शिशुपालाचे अपराध मोजतो. शंभर होईपर्यंत थांबतो, पण मोजणी चालू असते. आजच्या मालिकेत मोजणी नाही. उलट शंभर भाग झाले की सेटवर केक कापतात!

यामागचं गणित साधं आहे. नाटकाला लेखक शेवट ठरवून बसतो. रोजच्या मालिकेचा शेवट आकडे ठरवतात. निवडक घरांत टीव्हीला यंत्र जोडलेलं असतं, त्यावरून कुठली वाहिनी किती वेळ चालू होती हे कळतं आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचे पैसे ठरतात. त्या यंत्राला तुमच्या शिव्या ऐकू येत नाहीत. तुम्ही कौतुकानं बघा नाहीतर दात-ओठ खाऊन बघा, आकडा तोच. मग रागानं का होईना, लोकांना बसवून ठेवणारं पात्र संपवायचं कशाला? 'चार दिवस सासूचे' या नावाची मालिका २००१ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. चार दिवसांचा हा हिशोब गणिताच्या मास्तरांनाही सुटणार नाही!

खलनायकाला जिवंत ठेवायचं, तर चांगल्या माणसांना मूर्ख करावं लागतं. दाराआडून कट ऐकला तरी नायिका कुणाला सांगत नाही. पुरावा हातात येतो, तेवढ्यात फोन पाण्यात पडतो. 'आई कुठे काय करते' (२०१९ ते २०२४) मध्ये अनिरुद्धचा राग सगळ्यांना यायचा, आणि मिलिंद गवळींनी ते काम चोख केलं यात शंका नाही. पण माझ्या ओळखीच्या ज्या बायकांनी ती मालिका मध्येच सोडली, त्या अरुंधतीबद्दल बोलायच्या. "अगं, ती किती सहन करते! आपण केलं तेवढं पुरे नाही का?" मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून मराठीत ही आणि हिंदीत 'अनुपमा' आली. म्हणजे ही सोशिक बाई आणि तिचा तो नवरा कुणा एका गावचे नाहीत. बाई उभी राहते तेव्हा बघणारीलाही बळ येतं, हे मान्यच आहे. पण उभी राहिलेल्या बाईला पुन्हा पुन्हा खाली बसवलं, तर बघणारी टीव्हीसमोरून उठून जाते.

इथवर सगळं करमणुकीचं झालं. आता जे सांगणार आहे ते तसं नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्यात वाईचं प्रकरण उघडकीला आलं. एक बाई बेपत्ता झाली, तिचा शोध घेताना डॉक्टर म्हणून वावरणारा एक माणूस सापडला आणि धोमच्या बाजूला जमिनीतून मृतदेह निघाले. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवला. त्या सहांत बहुतेक बायका होत्या. धोम म्हणजे आमच्यासाठी नरसिंहाचं देऊळ आणि कृष्णेवरचं धरण. तेच पाणी पुढे सांगलीच्या घाटाला लागतं. त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडताना हात कचरायचा.

चारच वर्षांनी, २०२० मध्ये, 'देवमाणूस' ही मालिका आली. ती याच प्रकरणावरून सुचल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. किरण गायकवाडनं डॉक्टरचं काम केलं. हाच मुलगा त्याआधी 'लागिरं झालं जी' या आमच्या साताऱ्याकडच्या मालिकेत भैय्यासाहेब होता. अभिनय उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. मालिका तुफान चालली. दुसरा भाग आला, आणि २०२५ मध्ये तिसरा.

ही मालिका मी थोडे दिवस बघून बंद केली. डॉक्टर वाईट आहे म्हणून नाही. इथं डॉक्टर नावडता राहिलाच नव्हता, म्हणून! गोष्ट त्याच्या खांद्यावर बसून पुढे जायची. आज हा पकडला जाईल का, याची धाकधूक बघणाऱ्याला वाटायची, आणि तो निसटला की सुटकेचा श्वासही बघणाराच सोडायचा. गेलेली बाई मात्र पुढच्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही नसायची.

इथं मला 'सामना' आठवतो. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. निळूभाऊ फुल्यांचा हिंदूराव हा मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या खलनायकांपैकी एक. तो रुबाबदार आहे, हुशार आहे, आपल्याला तो मोहातही पाडतो. पण श्रीराम लागूंचा तो दारुडा मास्तर एका नाहीशा झालेल्या साध्या माणसाबद्दल विचारत राहतो आणि ते विचारणं काही थांबत नाही. शेवटी हिंदूरावाला जाब द्यावा लागतो. खलनायक कितीही देखणा असला, तरी गेलेल्या माणसाचं नाव विसरू द्यायचं नाही, ही त्या चित्रपटाची शिस्त. मला 'देवमाणूस'मध्ये तो मास्तर कुठे सापडला नाही.

माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन वाईजवळच्या गावात गेली. ती एकदा भेटायला आली तेव्हा मालिकेचा विषय निघाला. म्हणाली, "बाई, आमच्याकडे ती मालिका लागत नाही. चुकून लागली तर सासूबाई उठून आत जातात. त्या बायका कुणाच्या तरी ओळखीच्या होत्या हो." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

खऱ्या गुन्ह्यांवर लिहूच नये, असं मी म्हणणार नाही. भुजंगनाथही खऱ्या माणसांवरूनच घेतलेला होता. पण देवलांनी नाटकाला नाव दिलं ते 'शारदा'. ज्या मुलीवर अन्याय होतो तिचं नाव! एवढ्या एका गोष्टीत फरक कळतो.

तेव्हा लिहिणाऱ्यांनी खलनायक हवा तेवढा काळा रंगवावा, आम्ही घाबरणारी माणसं नाही. आमचे पूर्वज रात्र रात्र राक्षस बघत बसले होते. फक्त त्याच्या अपराधांची मोजणी चालू ठेवा, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना विसरू नका.

आणि बघणाऱ्यांनी काय करायचं? आमच्या घरी ते यंत्र नाही, त्यामुळे मी टीव्ही बंद केला काय आणि चालू ठेवला काय, कुणाच्या आकड्यात फरक पडत नाही. पण घरात नातवंडं असतात. ती विचारतात, "आजी, बंद का केलंस?" तेव्हा "तुला नाही कळायचं" असं न म्हणता खरं कारण सांगावं. मी सांगते. कधी पटतं, कधी दोघं मिळून माझ्याशी वाद घालतात. वाद घातलेला मला आवडतो. रोज रात्री गुपचूप बसून शिव्या घालण्यापेक्षा ते कितीतरी बरं.